पार्से आलं की काकांना झोप लागे

समुद्र दाखवतो म्हणून काका मला पहिल्यांदा केरीला घेऊन गेले आणि त्यांनी मला बसच्या उजव्या बाजूला बसवलं. पेडण्याहून मांद्रे, हरमल करत केरीला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, हे मला नवख्याला कुठून ठाऊक असणार? जातानाचा सगळा वेळ मी डोंगर, काजूची झाडं आणि कुंपणावर वाळत घातलेली लुगडी बघत बसलो. पलीकडच्या बाकावरच्या बायकांच्या डोक्यांमधून मधूनच निळं काहीतरी दिसे आणि जाई. म्हटलं, असू दे, येताना आपली बाजू समुद्राकडे येईल. येताना काका गाडीत चढले ते सरळ डावीकडच्या बाकावर जाऊन बसले आणि मला शेजारची जागा थोपटून दाखवली. पुन्हा तेच डोंगर, तेच काजू आणि तीच लुगडी.

मी फुरंगटून म्हटलं, "काका, समुद्र राहिलाच की."

"दर्या खंय पळून वता, मास्तर?" काका म्हणाले. "झाडांचें तशें न्हय. वतना एक दिसता, येतना दुसरेंच."

एकच बाजू जाताना आणि येताना अशी दोनदा बघितल्याशिवाय ती बाजू कळत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता. दुसरी बाजू पुढच्या रविवारी. त्यामुळे मला समुद्र दिसायला आठ दिवस थांबावं लागलं.

मी सावंतवाडीकडचा. पेडण्याच्या हायस्कुलात मराठीचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली होती. काका माझे घरमालक. तीन खोल्यांचं घर, त्यातली रस्त्याकडची मला दिलेली. ते वास्कोला बंदरात नोकरी करून निवृत्त झाले होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि सगळं पेडणं त्यांना काका म्हणत असे म्हणून मीही म्हणू लागलो. आठवड्यातले सहा दिवस तो एक सभ्य, कमी बोलणारा, स्वतःच्या हाताने पेज करून खाणारा म्हातारा होता. रविवारी सकाळी मात्र धोतराचा काष्टा घट्ट करून, बगलेत छत्री मारून तो बसस्टँडवर हजर होई आणि समोर येईल त्या गाडीत चढे. केरीची आली तर केरी. इब्रामपूरची आली तर इब्रामपूर. म्हापशाची मिळाली तर तिथे गाडी बदलून डिचोली.

कुठे चाललात असं त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. "गाडयेक विचार," म्हणायचे.

त्यांचे नियम पक्के होते. वाटेत कुठेही उतरायचं नाही, शेवटच्या थांब्यालाच उतरायचं. तिथे एक चहा, एक पाव, आणि तीच गाडी परत निघाली की परत. केरीला गाडी थेट फेरीच्या धक्क्यापर्यंत जाई. समोर खाडीपलीकडे तेरेखोलचा किल्ला, एवढा जवळ की तटावरचं गवत दिसावं. मी म्हटलं, फेरीने पलीकडे जाऊन येऊ. काकांनी पाव चहात बुडवत मान हलवली. कारण काय, तर फेरीला बाजू नसते. सगळीकडून सगळंच दिसतं, त्यात बघण्यासारखं काय आहे? मी तीन वर्षं पेडण्यात काढली आणि त्यांच्याबरोबर पंधरा-वीस वेळा तरी केरीला गेलो, पण तेरेखोलला मी गेलो तो एकटाच, एका शनिवारी, चोरून.

गाडीत त्यांचा दरारा होता. मांद्रेच्या वळणावर किंवा इब्रामपूरच्या चढणीला ते छत्रीच्या टोकाने पुढच्या दांडीवर दोनदा टकटक करत. ड्रायव्हर निमूटपणे गाडी हळू करी. काका खिडकीतून मान बाहेर काढून झुडपात काहीतरी बघत, पुटपुटत, आणि मग एकदा टकटक. गाडी पुन्हा वेगात. कुणी नवीन उतारू कुरकुरलाच, तर कंडक्टर डोक्याशी बोट नेऊन त्याला खुणेने गप्प करी. मीही पहिले दोन-तीन महिने त्या खुणेवर विश्वास ठेवून होतो. शाळेतल्या सहकाऱ्यांचंही मत तेच होतं. वास्कोच्या उन्हात जहाजं मोजून मोजून डोकं तापलेलं.

ते झाडं बघत. नुसती झाडं नव्हेत, वेली. पण नेमकं कशासाठी, हे मला आषाढापर्यंत कळलं नाही. रात्री पेज जेवताना ते मला सांगत, कासारवर्ण्याच्या वळणावर कांगलांची वेल मोठी झालीये, धारगळीला कुणाच्या तरी कुंपणावर कवंडळं लागतील, डिचोलीच्या रस्त्याला तोरिंगाचं एक झाड आहे पण त्याचा मालक कंजूष दिसतो. चालत्या गाडीतून मालकाचा कंजूषपणा कसा दिसला, म्हणून मी विचारलं. "कुंपण पळयल्यार कळटा," म्हणाले. वही नाही, टिपण नाही, सगळं डोक्यात. माझ्या वर्गातल्या पोरांना सहा ऋतूंतले चार पाठ होत नव्हते, आणि या माणसाला दोन तालुक्यांतल्या वेली तोंडपाठ.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकत होती. मांद्रे-केरीची गाडी पार्से गावावरून जाते. दोन्ही बाजूंना माड, काजूच्या बागा, पावसात भाताची खाचरं, बघायला म्हणाल तर सगळ्या रस्त्यात तोच तुकडा देखणा. आणि नेमकं पार्से जवळ आलं की काकांना झोप लागे. गावाआधीच्या मोरीवर गाडी आदळली की डोळे मिटत, गाव संपून चढ सुरू झाला की उघडत. जातानाही आणि येतानाही. घोरत नसत, मानही पडत नसे. छातीवर हात बांधून ताठ बसलेला माणूस कधी झोपतो का?

मास्तराची जात, चौकशा केल्याशिवाय राहवत नाही. एका रविवारी काका केरीला चहा पीत होते तेव्हा मी कंडक्टरला बाजूला घेऊन विचारलं. त्याने जे सांगितलं ते सगळ्या पेडण्याला माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

काका मूळचे पार्शाचेच. वडिलोपार्जित घर तिथेच, भर रस्त्याला लागून. घरात थोरला भाऊ, दादा, आणि वहिनी. घरचा गणपती तिथे. आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी चौकटीला फळं-पानं टांगतात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. रानातलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते ते तिच्यावर लागलं पाहिजे, आणि ते सगळं केवणीच्या सालीच्या दोराने बांधायचं, हा रिवाज. पार्शाच्या त्या घरात माटोळी बांधायचं काम धाकट्याचं, म्हणजे काकांचं. वास्कोहून ते त्यासाठी सुट्टी घेऊन येत. पंधराएक वर्षांपूर्वी ते येताना बंदरातून नायलॉनची दोरी घेऊन आले. नवी, पांढरी, चकचकीत. गावात कुणी पाहिली नव्हती. केवण सोलत बसायला नको म्हणून त्यांनी माटोळी त्या दोरीने बांधली आणि सगळ्यांना ओढून ओढून दाखवली. दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना नायलॉनची गाठ सरकली. माटोळीचा एक कोपरा खाली आला आणि मूर्तीचा हात मोडला. त्याच वर्षी माघात त्यांची आई गेली. लोक म्हणाले, वास्कोच्या दोरीने घर खाल्लं. दादा काही बोलले नाहीत. ना काकांना दोष दिला, ना लोकांना गप्प केलं. काका वास्कोला निघून गेले ते पुन्हा त्या घरात गेले नाहीत.

आता लक्षात घ्या, निवृत्त झाल्यावर या माणसाने घर घेतलं ते वास्कोला नाही, पेडण्याला. पार्शापासून गाडीने वीस मिनिटांवर. आणि वर्षभर दोन तालुके पालथे घालून जे शोधलं, ते श्रावण सरत आला की गोळा करायचं. त्या दिवसांत मात्र वाटेत उतरायचं नाही हा नियम मोडे. टकटक झाली की गाडी थांबे, काका छत्रीच्या मुठीने वेल ओढत, अर्धी गाडी खाली उतरून मदत करी, आणि एरवी डोक्याशी बोट नेणारा कंडक्टर स्वतः कुंपणावर चढलेला मी पाहिला आहे. डिचोलीच्या बाजारातून सुपारीचा घड येई. हे सगळं ओल्या गोणपाटात बांधून, वर केवणीच्या दोरांची चुंबळ ठेवून, चतुर्थीच्या दोन दिवस आधी ते कंडक्टरच्या हवाली होई. कंडक्टर ते पार्शाला त्या घराच्या पायरीवर ठेवी. कुणी पाठवलं हे कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. दादा आपल्या हाताने माटोळी बांधत. असं चार-पाच वर्षं चाललेलं होतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी ते गोणपाट संध्याकाळच्या गाडीने परत आलं.

कंडक्टरने ते आमच्या ओटीवर ठेवलं आणि वहिनींचा निरोप सांगितला. बांधणारा पाठवा, नाहीतर सामान नको. एवढं सांगून तो गाडी चालू आहे म्हणत पळाला. काकांनी वाकून गोणपाटाचं तोंड सोडलं. मला वाटलं, चला, बोलावणं आलं. तसं मी म्हटलंही.

"वयनी उलयली," काका म्हणाले. "दादा ना उलोवंक." म्हणजे बोलल्या त्या वहिनी, दादा नव्हेत.

मग ते आत गेले, तांब्याभर पाणी आणलं आणि आंब्याच्या टाळ्यांवर शिंपडत बसले. पानं सुकू नयेत म्हणून. दर तासाला उठून शिंपडत होते. दुसऱ्या दिवशी माटोळी बांधायची, परवा चतुर्थी. मला राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं, बहुतेक दोघांचाही. आपण बरं की आपलं काम बरं हे मला माझ्या आईने हजारदा शिकवलं होतं, पण ज्याला शिकवायची सवय त्याला शिकणं जड जातं. सकाळी शाळेला सुट्टी होती, मला संध्याकाळच्या गाडीने घरी वाडीला जायचं होतं. मी काकांना काही न सांगता सकाळची गाडी पकडून पार्शाला उतरलो.

घर बेताचं, कौलारू, पुढे दगडी सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. एका सोप्यावर दादा बसले होते. काकांचंच तोंड, फक्त जास्त वाळलेलं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बसायला खूण केली तेव्हा मला त्यांचे हात दिसले. दोन्ही हात कापत होते, मांडीवर ठेवले तरी. आतल्या खोलीत जमिनीवर माटोळीची रिकामी चौकट टेकून ठेवलेली होती. वहिनी बाहेर आल्या आणि मी न विचारताच सांगू लागल्या. गेल्या वर्षीच बांधायला सबंध दिवस गेला होता, यंदा यांना सदऱ्याची गुंडीही लावता येत नाही, मुलगा बोटीवर, शेजाऱ्याला सांगितलं असतं पण ते घरच्याच हाताने व्हायचं असतं. बोलता बोलता त्या दादांकडे बघत होत्या आणि दादा रस्त्याकडे.

दादांनी त्यांना चहा करायला आत पाठवलं. त्या गेल्याची खात्री करून घेतली. मग अगदी हळू म्हणाले, "मास्तर, ती नाल्लांची पेंड माज्या हातची."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी थांबत थांबत सगळं सांगितलं. त्या वर्षी माटोळी बांधून झाल्यावर काका आंघोळीला गेले. दादांना वाटलं, कोपरा रिकामा दिसतो. परसात नारळाची अख्खी पेंड, म्हणजे घड, काढून ठेवलेली होती. ती त्यांनी सुंभाने त्या कोपऱ्याला बांधून टाकली. धाकट्याला विचारलं नाही, नंतरही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच कोपरा खाली आला. लोकांना जमिनीवर पांढरी दोरी दिसली. लोक बोलत राहिले आणि हे गप्प राहिले. म्हणाले, लोक पांगले की सांगू असं वाटलं होतं, पण तोवर काका वास्कोच्या वाटेला लागले होते. मग पत्राने कळवू म्हटलं, तर आई आजारी पडली.

"आवय मेली आनी मागीर जीबच उखलना जाली," ते म्हणाले. "ताका सांग. हांवें सांगलें म्हणून सांग."

पंधरा वर्षं. मला त्या माणसाला खूप काही ऐकवायचं होतं. पण वहिनींनी चहा आणून ठेवला, दादांनी बशी उचलली आणि निम्मा चहा त्यांच्याच धोतरावर सांडला. मी माझा चहा घाईघाईने संपवून निघालो.

परतीची गाडी मिळाली तेव्हा उन्हं चढली होती. सगळी वाट मी शब्द जुळवत होतो. एवढ्या वर्षांचा आळ, जो आपला नव्हताच, तो एका वाक्यात उतरवायचा म्हणजे म्हाताऱ्याला काही होणार तर नाही ना, ही धास्ती होती. घरी पोचलो तर काका पाणीच शिंपडत होते. मी त्यांना आधी बसायला सांगितलं. मग सांगितलं.

काका म्हणाले, "खबर आसा."

म्हणजे त्यांना हे ठाऊकच होतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. पडलेली माटोळी त्यांनीच उचलली होती. पेंड सुंभाने बांधलेली त्यांनी तेव्हाच पाहिली, आणि गाठ दादांची, म्हशीला दावं बांधतात तशी. त्या घरात ती गाठ दुसरं कुणी मारत नव्हतं. लोक मोडलेल्या मूर्तीकडे बघत होते तेवढ्यात त्यांनी सुंभ सोडून खिशात घातलं होतं.

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला होता. "पंधरा वर्षं, काका!"

"बोलून कितें करूं? घरचो गणपती ताणें पुजपाचो. ताच्याच हातान मोडलो अशें गांव म्हणटलो जाल्यार तो फुडल्या वर्सा खंयच्या हातान पुजतलो? माजें कितें, हांव वास्कोक वतलों." मग म्हणाले, "आनी गाठ माजीच सुटली न्हय? पेंड ताची, गाठ माजी."

मग घरी का गेला नाहीत, हे मी विचारलं. लोकांपुढे दादांनी गप्प राहावं, याला त्यांची हरकत नव्हती. तेवढं त्यांनी थोरल्याला दिलंच होतं. पण मला तरी एकदा सांगायला हवं होतं त्याने, असं ते म्हणाले. ते तो सांगेल म्हणून वाट बघितली. ते सांगितल्याशिवाय त्याच्या ओटीवर बसून चहा पिणं, मधे ती पेंड ठेवून, हे त्यांना जमलं नसतं. हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मघाशी जिभेवर आलेलं सगळं व्याख्यान मी तिथेच सोडून दिलं.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "वयनीच्या मुखार सांगलें ताणें?"

"नाही. त्यांना चहाला आत पाठवलं."

काका हसले. पहिल्यांदाच त्यांना एवढं मोकळं हसताना पाहिलं. म्हणाले, अजून तिला भितो. मग उठले, गोणपाटाची टोकं आवळली आणि दुपारची गाडी कधी ते मला विचारलं. ज्या माणसाला दोन तालुक्यांतल्या गाड्या पाठ होत्या, तो मला विचारत होता.

पार्शाला गाडी नीट थांबायच्या आत ते उतरले. मी गोणपाटाचं दुसरं टोक धरून मागे. वहिनी दारात आल्या, त्यांनी काकांच्या पायांवर पाणी घातलं, आणि "आयलो?" एवढंच म्हणून आत पाट मांडायला गेल्या. दादा उठून उभे राहिले होते. मला वाटलं होतं गळाभेट होईल, रडारड होईल. काकांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि चौकटीच्या रिपा हाताने दाबून बघितल्या.

चौकट कंबरेएवढ्या उंचीवर टांगली आणि काम सुरू झालं. मी देत होतो, ते बांधत होते. आंब्याचे टाळे, कांगलां, कवंडळं, तोरिंग, सुपारीचा घड. केवणीचा दोर दाताने ओढून दोन फेरे, एक गाठ, की पुढचं. दादा खुर्चीवर बसून बघत होते. मधेच एकदा म्हणाले, चिबूड थोडा डावीकडे. काकांनी तो डावीकडे सरकवला. दीड-दोन तासांत चौकट भरली. एक कोपरा तेवढा राहिला होता.

काका परसात गेले आणि नारळाची पेंड घेऊन आले. ती त्यांनी दादांच्या पुढ्यात ठेवली, वर केवणीचा दोर ठेवला.

"ही तूं बांद," म्हणाले.

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. मग खुर्ची धरून उठले. दोर त्यांच्या बोटांतून दोनदा निसटला, तिसऱ्यांदा रिपेवरून गेला. काकांनी पेंडीचा भार खालून तळहातावर घेतला होता, पण दोराला हात लावला नाही. वहिनी आतून येऊन चौकटीपाशी उभ्या राहिल्या आणि तोंडाला पदर लावून पुन्हा आत गेल्या. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी गाठ बसली. वेडीवाकडी, फुगीर, म्हशीच्या दाव्याची. काकांनी हळूच पेंडीखालचा हात काढला, आणि आम्ही दोघांनी चौकट ओढून वर चढवली. खाली वहिनींनी गणपतीचा पाट मांडला.

वर बघितलं की मला ती एकच गाठ दिसत होती. बाकीच्या गाठी हाताने ओढून तपासून झाल्या होत्या, ती नव्हती. उद्या खाली मूर्ती बसणार, आरतीला गाव येणार. न राहवून मी उठलो, चवड्यांवर उभा राहिलो आणि ती जरा ओढून बघावी म्हणून हात वर केला. काकांनी माझं मनगट धरलं आणि हात खाली आणला.

"रावंदी, मास्तर," म्हणाले. "बांदल्या ताणें."